रिया, तू रविवारी विचारलंस त्याबद्दल

रिया बाळा,

रविवारी व्हिडिओ कॉलवर ठाण्याची आजी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बघत होती. छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "प्रभो, मी पात्र नाही." तेव्हा तू हळूच विचारलंस, "पप्पा, कुणी खरंच पात्र नसेल तर? तरी येऊ देतात?" मी "हो गं" म्हणालो आणि भांडी घासायला उठलो. तुझं ते 'खरंच' अजून टोचतंय.

आजी लहान असताना हेच लॅटिनमध्ये म्हणत. 'दोमिने नोन सुम दिग्नुस', तीनदा, छाती बडवत. अर्थ तिला ठाऊक नव्हता. व्हॅटिकनची मोठी परिषद (१९६२ ते १९६५) झाली, त्यानंतर प्रार्थना मराठीत आली, आणि पहिल्यांदा ती ऐकताना तिला रडू आलं. म्हणाली, "अगं बाई, एवढी वर्षं मी हे म्हणत होते!" शब्द बायबलमधल्या एका रोमन शतपतीचे, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्याचे. त्याचा चाकर आजारी, म्हणून तो येशूला विनवायला आला, पण माझ्या घरात येऊ नका म्हणाला, आपली तेवढी लायकी नाही. येशूने त्याला आधी सुधारून ये असं नाही सांगितलं. उलट त्याच्या विश्वासाचं कौतुक केलं.

हे झालं पुस्तकातलं. आता बाबूमामा, आजीचा धाकटा भाऊ. मामा प्यायचे. नाताळला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे. त्या बाकावरची माणसं हळूहळू पुढे सरकायची. मीही सरकलो होतो, बारा वर्षांचा. कोमुन्यावच्या आधी, म्हणजे सगळे पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात त्याआधी, मामा उठून बाहेर जायचे. त्यांना कुणी कधी जा म्हटलं नाही. कुणी थांबा, असंही म्हटलं नाही.

सप्टेंबरात मात्र मामा मला मोतमाउलीला, वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, न्यायचे. ठाण्याहून लोकल, दादरला गाडी बदलून वांद्रे, मग टेकडीची चढण. जत्रेच्या आठवड्यात रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे. नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं विकायला मांडलेली. मामा दरवर्षी मेणाचं घर घ्यायचे. तिथे ते शेवटपर्यंत थांबायचे. म्हणायचे, "इथं कोण कोणाला ओळखतंय?"

मला कळत नाही, मी चर्चची बाजू घेतोय की तक्रार करतोय. दार उघडं असतं, हे खरं. माना वळतात, हेही खरं. मी आजही जातो, कारण ते वाक्य म्हणताना पुढच्या बाकावरचा मोठा माणूसही माझ्याबरोबर तेच म्हणत असतो.

तुला यायचं नसेल तर नको येऊस, आजीला मी सांगेन. यायचं असेल तर आपण मागच्या बाकावर बसू.

आणि तुझ्या मनात काही असेल तर सांग. आज भांडी राहू देत.

तुझा पप्पा