रंगांआधी डमी

प्रिय मैत्रिणी,

बाजारात हरवलेल्या शेळीच्या गोष्टीसाठी काढलेली तुझी चित्रं पाहिली. हात चांगला आहे, जलरंगही कह्यात आहेत. कागद कोणता वापरू आणि टॅबलेट घेऊ का, असं विचारलं आहेस. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घे, पाण्यानं फारसा फुगत नाही. टॅबलेटचं नंतर बघू. माझी तक्रार वेगळीच आहे. तू रंगवायला फार लवकर बसलीस. यातलं एकेक चित्र भिंतीवर लावण्याजोगं आहे, पण पुस्तक अजून कुठेच दिसत नाही.

आधी पानं मोज. छपाईचा फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं, साधारणपणे १६ पानांचा असतो, त्यामुळे चित्रपुस्तकं बहुतेक १६, २४ (दीड फर्मा) किंवा ३२ पानांची निघतात. तुझी गोष्ट २४ पानांत बसेल. ए-फोरचे सहा कागद एकात एक घालून मधोमध दुमड, पिन मार, झाली डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. पहिलं पान शीर्षकाला आणि शेवटचं श्रेयनामावलीला गेलं की मधे ११ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. त्यांत पेन्सिलीनं नुसत्या काड्यांची माणसं काढ, मजकूर कापून चिकटव आणि पानं उलटत मोठ्यानं वाच. गोष्ट कुठे रेंगाळते, ते तिथल्या तिथे कळतं.

आता शेळीकडे ये. मजकूर म्हणतो, ‘शेळी कुठेच दिसेना.’ तू काय काढलंस? रडवेली मुलगी आणि रिकामा रस्ता. म्हणजे वाक्यातलं तेच पुन्हा. त्याऐवजी बांगडीवाल्याच्या गाडीमागून शेळीचं नुसतं शेपूट दिसू दे. वाचून दाखवणारी आई ‘दिसेना’ म्हणते आणि मांडीवरचं पोर ओरडतं, ‘ती बघ!’ वाचता न येणाऱ्या मुलाला आईच्या आधी काहीतरी कळतं. यासाठीच तर चित्रपुस्तक काढायचं! मग पुढच्या पानावर शेपूट गायब कर. पान उलटताना काय घडतं, ते ठरवणं हेच तुझं खरं काम आहे.

दिशाही सांभाळ. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून शोधायला निघालेली मुलगी उजवीकडे तोंड करून चालू दे आणि घरी परतताना डावीकडे. तुझ्या चित्रांत ती मनाला येईल तिकडे वळते. तिसऱ्या चित्रात तर तिचा चेहरा बरोबर घडीवर आलाय, शिवणीत नाक जाईल. आणि तिची वेणी दर चित्रात लांबी बदलते. मुलांना असल्या गोष्टी लगेच दिसतात, मोठ्यांना नाही. एका कागदावर तिला समोरून, बाजूनं, पाठमोरी, बसलेली, धावणारी अशी काढून टेबलासमोर लाव.

मजकुराला मोकळी जागा ठेव, आणि जरा ऐसपैस ठेव. पुस्तक उद्या तमिळमध्ये गेलं तर तेच वाक्य जास्त जागा मागू शकतं. मजकूर काळ्या शाईतच असला की भाषा बदलताना फक्त काळी प्लेट, म्हणजे काळी शाई उमटवणारा छपाईचा पत्रा, बदलावी लागते. म्हणून दुकानांच्या पाट्या चित्रात मराठीत रंगवू नकोस. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर एकच पुस्तक दोन-तीन भाषांत उघडून बघ, मजकुराची जागा कशी राखतात ते समजेल. फुकट आहे.

छपाईचं थोडक्यात: कडांना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारं जादा चित्र) आणि स्कॅन निदान ३०० डीपीआयचं, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचं. तुझा तो लाडका झगझगीत जांभळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळकट होणार, हे आत्ताच धरून चाल.

आणखी एक. प्रकाशकाशी बोलणं झालं तरी मानधनाचं पत्र हातात येईपर्यंत रंगांना हात लावू नकोस. मूळ चित्रं तुझ्याकडे परत येतील, हेही त्यात लिहून घे. ‘आपलं घरचंच आहे’ म्हणणाऱ्यांकडून तर आधी.

डमी तयार झाली की टपालानं पाठव. पीडीएफ नको, मला पानं उलटून बघायची आहेत.

तुझा,
काका