इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की दुकानाच्या हिशोबाच्या कॉम्प्युटरवर नेटवरचं फुकट बिलिंग सॉफ्टवेअर घालावं का, आणि तुमचे वडील म्हणतात, "कोणी फुकट का देईल?" वडिलांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. फक्त तो विचारून थांबू नका, त्याचं उत्तर शोधा.

गिरगावात माझं डीटीपीचं दुकान आहे. चार वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमच्याकडच्या मुलाला पीडीएफ जोडायच्या होत्या. सर्चमध्ये सगळ्यात वर जे आलं त्यावर त्याने क्लिक केलं. ती जाहिरात होती. पानावर तीन-तीन हिरवी डाउनलोडची बटणं, मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. दुसऱ्या दिवशी आमच्या ईमेलवरून गिऱ्हाइकांना भलतेच मेल जायला लागले. मशीन फॉरमॅट करावी लागली, दोन दिवस काम बंद आणि पत्रिकेवाल्यांचे फोनवर फोन. लॅमिंग्टन रोडला साधी हार्ड डिस्क घेताना आपण सील बघतो, बिल मागतो. इथे ते सॉफ्टवेअर बनवलं कोणी, एवढंही आम्ही पाहिलं नव्हतं.

आता "का देतात" याबद्दल. मराठीत सोय आहे, फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. फुकट म्हणजे पैसे न लागणारं, मुक्त म्हणजे ज्याचा कोड, म्हणजे आतला प्रोग्राम, कोणीही उघडून बघू शकतो. व्हीएलसी प्लेयर १९९६ साली पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाला, आज तो ना-नफा संस्था सांभाळते. वर्ड-एक्सेलसारखी कामं करणाऱ्या लिबरऑफिसमागेही अशीच संस्था आहे. त्यांचा कोड उघडा आहे, खर्च देणग्यांवर चालतो. आपल्या पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिबरऑफिस मराठीतून शिकवतो, जरूर बघा. काही कंपन्या थोडं फुकट देतात आणि पुढच्या सोयींचे पैसे घेतात, तेही सरळ आहे. पण बनवणाऱ्याचं पोट कशावर चालतं हे कुठेच कळत नसेल, तर बहुधा तुमच्या माहितीवर चालतं. आणि क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून वाटलेलं महागडं सॉफ्टवेअर तर नकोच नको. "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशी सूचना त्यासोबत येते, म्हणजे दाराची कडी आपणच काढून द्यायची.

मात्र चांगल्या जागीही घात होतो, हे लपवणार नाही. २०१७ साली कॉम्प्युटरमधला कचरा साफ करणाऱ्या सीसीक्लीनरची बिघडवलेली आवृत्ती अधिकृत सर्व्हरवरूनच २२ लाखांहून जास्त मशीनवर गेली. २०२४ मध्ये लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, दोनेक वर्षं विश्वास कमावून आत शिरलेल्या एका माणसाने चोरवाट ठेवली होती. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो मुळापर्यंत गेला. सगळं उघड्यावर होतं म्हणून त्याला जाता आलं. माझा भरवसा मुक्त सॉफ्टवेअरवर जास्त आहे तो यामुळे.

मी फाइल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घेते, जाहिरातीवरून कधीच नाही. इन्स्टॉल करण्याआधी ती व्हायरसटोटल या साइटवर टाकून बघते. तिथे फाइल एकदम अनेक अँटिव्हायरसकडून तपासली जाते (गिऱ्हाइकांचे कागद मात्र तिथे टाकू नका, फक्त इन्स्टॉलर). मग कस्टम इन्स्टॉल निवडून नको त्या चौकटींतल्या टिकच्या खुणा काढते.

तुमच्या बाबतीत मी एवढं करेन: आधी जुन्या मशीनवर खोटी बिलं भरून महिनाभर चालवून बघा. आपला डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, ते पहिल्याच दिवशी तपासा. बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि काम झालं की तो काढून ठेवा. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करता तिथे तूर्तास काहीच नवं घालू नका. खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

सॉफ्टवेअरचं नाव इथे लिहा, कोण बनवतं ते मी बघून सांगते.