गप्पा फुकट, मग पैसे देतो कोण?

प्रश्न : माझी भाची टोकियोत नोकरी करते. तिथल्या लाइन या ॲपवर ती चक्क पैसे मोजून स्टिकर घेते. आपण फेसबुकला कधी दमडीही दिलेली नाही. एकाच प्रकारच्या कंपन्यांचे धंदे इतके वेगळे कसे? की पूर्वेकडच्या लोकांना मुळात हौसच अधिक?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हौशीचे कारण सोयीचे आहे, पण पटणारे नाही. अमेरिकेतही फेसबुकवर खेळल्या जाणाऱ्या झिंगा कंपनीच्या खेळांमध्ये लोक आभासी वस्तूंवर पैसे उधळत होते आणि २०११ साली फेसबुकच्या महसुलाचा सुमारे १२ टक्के भाग या एका कंपनीमुळे येत होता. खरा फरक पडला तो सुरुवातीच्या काळात पैसा कोणत्या वाटेने येऊ शकत होता यामुळे. फेसबुक २००४ मध्ये निघाले तेव्हा अमेरिकेत इंटरनेटवरील जाहिरातींचा बाजार उभा होता. तीच वाट त्याने धरली आणि २०२३ मध्येही त्याची मालक कंपनी मेटाच्या सुमारे १३५ अब्ज डॉलर महसुलापैकी जवळजवळ १३२ अब्ज जाहिरातींतूनच आले.

चीनमध्ये टेन्सेंट कंपनीने १९९९ साली क्यूक्यू ही गप्पांची सेवा सुरू केली, तेव्हा ऑनलाइन जाहिरातदार मोजके, क्रेडिट कार्डे दुर्मीळ आणि वापरणारे बहुतांशी सायबर कॅफेत बसणारे तरुण. कंपनीला तारले ते चायना मोबाइल या दूरध्वनी कंपनीने, कारण संदेशसेवांचे पैसे फोनबिलातून वसूल करून त्यातला वाटा सेवा देणाऱ्यांना देण्याची पद्धत तिने रूढ केली. पुढे एका युआनला एक ‘क्यू कॉइन’ मिळू लागले आणि त्यातून पडद्यावरच्या आपल्या प्रतिमेसाठी कपडे, केशभूषा घेता येऊ लागली. रक्कम चिल्लर, पण देणारे असंख्य. चीनमध्ये फेसबुकवर बंदी आली ती २००९ मध्ये. म्हणजे टेन्सेंटचे सारे यश बंदीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

टेन्सेंटच्याच वीचॅट या गप्पांच्या ॲपने २०१४ च्या चिनी नववर्षाला जे केले, ते तर मुद्दाम पाहण्याजोगे आहे. नववर्षाला लाल पाकिटातून पैसे देण्याची तिथे जुनी रीत आहे. वीचॅटवर गटात पाकीट टाकले की रक्कम नशिबावर वाटली जाई. आधी बोट ठेवील त्याला वाटा, उशीर करणाऱ्याच्या हाती भोपळा. मात्र मिळालेले पैसे काढायचे तर बँकेचे कार्ड जोडावे लागे, आणि या मौजेपायी लाखो कार्डे आपसूक जोडली गेली. गप्पांच्या ॲपमध्ये एकदा पाकीट आल्यावर तिथेच वीजबिल, टॅक्सी, दुकानदारी सुरू होणे ओघानेच आले. जाहिराती मात्र वीचॅटने मित्रांच्या नोंदींमध्ये २०१५ पर्यंत येऊ दिल्या नव्हत्या.

भारतात हे घडले नाही, कारण पैसे पाठवण्याची वाट इथे कोणा एका ॲपच्या मालकीची राहिली नाही. यूपीआय २०१६ मध्ये सर्व बँकांसाठी खुले झाले. व्हॉट्सॲपला त्यावर २०२० च्या नोव्हेंबरात प्रवेश मिळाला, तोही ग्राहकसंख्येची मर्यादा घालून, आणि ती मर्यादा पूर्णपणे उठेपर्यंत २०२४ संपत आले होते.