विषाणूंपासून मेंदूपर्यंत : सीमोर बेंझर यांची चाळणी

प्रश्न : २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फळमाशीच्या शरीरातील घड्याळावरील संशोधनाला मिळाले. त्याविषयी वाचताना सीमोर बेंझर हे नाव आढळले. ते तर विषाणूंचे अभ्यासक होते; मग मेंदूविज्ञानात त्यांचे नाव का घेतले जाते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बेंझर (१९२१–२००७) मुळात भौतिकशास्त्राचे. १९५० च्या दशकात ते जनुकांकडे वळले तेव्हा जनुक म्हणजे माळेतला अखंड मणी, तो मध्येच तुटत नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. ती त्यांनी टी-४ या जीवाणूभक्षी विषाणूवर तपासली. या विषाणूच्या ‘आर-टू’ भागात बिघाड झालेले वाण ई. कोलाय या जीवाणूच्या ‘बी’ जातीवर वाढतात, पण ‘के’ जातीवर वाढत नाहीत. असे दोन सदोष वाण एकाच जीवाणूत शिरले आणि त्यांच्या अदलाबदलीतून एखादा निर्दोष विषाणू जन्मला, तर तो कोट्यवधींत एकटा असला तरी ‘के’ जीवाणूंच्या थरावर स्वच्छ ठिपका उमटवून आपले अस्तित्व दाखवतो. असे ठिपके मोजून बेंझर यांनी जनुकाच्या आतला नकाशा काढला आणि मणी तुटतो, अगदी डीएनएच्या शेजारशेजारच्या अक्षरांमध्येही तुटतो, हे दाखवले.

दुर्मिळातले दुर्मिळ हाती लागेल अशी चाळणी लावणे, ही माझ्या मते त्यांची खरी देणगी आहे, आणि मेंदूकडे वळताना त्यांनी नेमकी तीच सोबत नेली. पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाश्या त्यांनी काचेच्या नळीत भरल्या, नळी ठोकून त्यांना तळाशी पाडले, आडवी करून दुसऱ्या टोकाला दिवा ठेवला आणि उजेडाकडे गेलेल्या माश्या पुढच्या नळीत सरकवल्या. हेच पुनःपुन्हा केल्यावर माश्या आपापल्या स्वभावानुसार वेगवेगळ्या नळ्यांत विभागल्या गेल्या. ही पद्धत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९७१ मध्ये त्यांचे विद्यार्थी रॉन कोनोप्का यांना शरीरातले घड्याळ बिघडलेल्या माश्यांचे तीन वाण सापडले : एकाचा दिवस सुमारे १९ तासांचा, दुसऱ्याचा २८ तासांचा, तर तिसऱ्याला ताळतंत्रच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. त्या ‘पीरियड’ जनुकाचे कार्य पुढे उलगडणाऱ्यांना आपण म्हणता ते नोबेल मिळाले. १९७६ मध्ये बेंझर यांच्याच प्रयोगशाळेतून वास आणि विजेचा झटका यांचा संबंध लक्षात न ठेवणारी ‘डन्स’ माशी पुढे आली. तिच्यातला दोष सायक्लिक एएमपी या पेशीतल्या निरोप्या रेणूचे विघटन करणाऱ्या विकरात (एन्झाइममध्ये) असल्याचे नंतर कळले, आणि स्मृतीला रासायनिक पत्ता मिळाला. एक जनुक म्हणजे एक वर्तन, असा याचा अर्थ मात्र नाही. बिघडलेले जनुक केवळ आतल्या यंत्रणेत शिरण्याची वाट दाखवते.

ही वाट मुंबईतही आली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर अमेरिकेत बेंझर यांच्यासह काम केले आणि परतल्यावर वेरोनिका रॉड्रिग्ज या विद्यार्थिनीसह माशीला चव आणि वास कसे कळतात, याचा शोध त्याच पद्धतीने सुरू केला.