अक्षराची काळजी नंतर, आधी निळी यादी टाळा

पत्र (सुचौ, चीन, 1784) : धाकटा एकोणीस वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सरकारी परीक्षांची पहिली पायरी पार करून शिउत्साय झाला. निबंध चांगले लिहितो, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. 1786ला नानजिंगच्या प्रांतिक परीक्षेला बसवायचा विचार आहे. अक्षरासाठी वेगळा शिक्षक ठेवावा का? सोबत काय काय द्यावे? – एक कापडव्यापारी

उत्तर :

शिक्षकाचे पैसे सध्या वाचवा. नानजिंगला परीक्षकापुढे मुलाचे अक्षर जातच नाही. नाव झाकलेली, काळ्या शाईतली मूळ उत्तरपत्रिका नक्कलनविसांकडे जाते. ते ती लाल शाईत उतरवतात, दुसरे लोक ताडून पाहतात आणि परीक्षक वाचतो ती लाल प्रत. त्याआधीच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या चाळणी परीक्षेपुरते आणि नक्कलनविसाला लागेल इतपत सुवाच्य असले, की भागले. राजवाड्यातल्या शेवटच्या परीक्षेत नक्कल होत नाही. मोत्यासारखे अक्षर तिथे कामाला येते. तो मुक्काम अजून लांब आहे.

खरी भीती निळ्या यादीची, म्हणजे नियम मोडून बाद झालेल्यांच्या यादीची. मधले पान कोरे सुटले, शाई सांडली, कच्चा मसुदा जोडायचा राहिला, की नाव भिंतीवर लागते आणि पुढच्या फेरीला दार बंद. कथाकार फू सोंगलिंग एकोणिसाव्या वर्षी जिल्ह्यापासून तिन्ही पायऱ्यांवर पहिले आले होते. 1687ला जिनानमध्ये एक पान ओलांडून लिहिले आणि बाद झाले. ज्युरेन, म्हणजे प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण, ते पुढे कधीच झाले नाहीत. म्हणून घरी नुसते निबंध लिहून घेऊ नका, आखलेल्या कोऱ्या पत्रिकेवर घड्याळ लावल्यासारखे लिहून घ्या. बादशहाचा उल्लेख आला की नवी ओळ, आणि तो शब्द इतर ओळींच्या वर चढवायचा. बादशहांच्या नावातली अक्षरे वर्ज्य : ‘श्युआन’ लिहायचे असेल तिथे ‘युआन’. खाडाखोड केली तर किती अक्षरे खोडली, किती घातली, ते शेवटी मोजून लिहायचे. हे हाताला वळण पडल्याशिवाय जमत नाही.

तीन फेऱ्या आठव्या चांद्रमासाच्या 9, 12 आणि 15 तारखांना. आदल्या दिवशी आत, दुसऱ्या दिवशी बाहेर. पहिल्या फेरीत कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या चार ग्रंथांवर तीन अष्टपदी (ठरलेल्या आठ भागांचे) निबंध आणि सोळा ओळींची एक कविता. परीक्षक हजारो प्रती उपसत असतो, त्यामुळे निकाल बहुतेक पहिल्या निबंधावरच लागतो. त्यातही विषय फोडणाऱ्या, म्हणजे त्याचा अर्थ उलगडणाऱ्या, पहिल्या दोन वाक्यांवर. निबंधाची मर्यादा 700 अक्षरे आहे, ती ओलांडू नये. दुसऱ्या फेरीसाठी त्याच परंपरेतल्या पाच प्राचीन ग्रंथांपैकी एकच निवडायचा असतो. काव्यग्रंथ 39,000 अक्षरांचा, विधिग्रंथ 99,000चा. मुलाला विधींची खास आवड नसेल तर काव्यग्रंथ घ्या. मात्र गर्दीही तिथेच असते. तिसऱ्या फेरीत राज्यकारभारावरचे पाच प्रश्न. त्यांकडे दुर्लक्ष करायची पद्धत पडली आहे. तरी ते कोरे सोडू नयेत.

सामान : कोठडीला दार नसते, म्हणून पुढे टांगायला मेणकापड. बसायला आणि लिहायला तिथल्या दोन फळ्या मिळतात. रात्री त्याच जोडून झोपायचे, पाय पसरता येत नाहीत. शेगडी, भांडे, तांदूळ, मेणबत्त्या घरून. झडतीचे नियम 1744पासून कडक आहेत. कपडे एकपदरी, अस्तर नको. शाईची सहाण पातळ, कुंचल्याची दांडी पोकळ, कोळसा दोन त्सुनांपेक्षा (चिनी इंचांपेक्षा) लांब नको, मेणबत्तीचे कथलाचे स्टँड आरपार पोकळ. वड्या-पोळ्या आधीच कापून द्या, नाहीतर पहारेकरी मळक्या हातांनी कापतील. शौचकूपाशेजारची कोठडी वाट्याला आली तर इलाज नाही. नाकाला बांधायला फडके द्या.

च्यांगसू आणि आनहुई या दोन्ही प्रांतांना मिळून जागा 114, आणि दर जागेमागे ऐंशी उमेदवार. पहिल्या खेपेला नाव लागेल असे धरून चालू नका. शिउत्साय असल्याने वेठबिगार माफ आहे, न्यायाधिकारी छडी मारू शकत नाही. तेवढ्यावर गावात मुले शिकवून पोट भरता येते. दुकानाचा हिशेबही त्याने बघायला हरकत नाही.

नवव्या महिन्यात यादी लागली आणि नाव नसले, तर दहा दिवसांच्या आत पत्रिका परत मागून घ्या. परीक्षकाने वाचताना टाकलेले निळे ठिपके कुठे थांबलेत ते पाहा. पहिल्याच निबंधाच्या मध्यावर थांबले असतील, तर शिक्षक तेव्हा ठेवा, आणि तो निबंधाचा.