कोविड होऊन गेल्यावर बूस्टर घ्यावा का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न सतत वेगवेगळ्या शब्दांत येत असतो: "मला कोविड होऊन गेला आहे, मग बूस्टर घ्यायचा की नाही?" या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. ते तुमचे वय, तुमचे इतर आजार आणि औषधे, आणि तुमच्या शरीराची या विषाणूशी किंवा लशीशी शेवटची गाठ कधी पडली, या तीन गोष्टींवर ठरते. पत्रांत मात्र नेमक्या याच तीन गोष्टी लिहिलेल्या नसतात; शेजाऱ्यांनी काय केले आणि मोबाइलवर कोणता संदेश आला, हे सविस्तर लिहिलेले असते. ज्या पत्रांत पुरेशी माहिती होती, त्यांतील काही येथे घेत आहे.

प्रश्न: माझे वय 34 आहे, कोणताही आजार नाही. दोन डोस आणि एक बूस्टर झाला आहे. दोन महिन्यांपूर्वी सौम्य कोविड होऊन गेला. आणखी एक बूस्टर लगेच घ्यावा का?

उत्तर: लगेच घेण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने मार्च 2023 मध्येच स्पष्ट केले होते की प्राथमिक डोस आणि पहिला बूस्टर झालेल्या, साधारण पन्नास-साठीच्या आतील निरोगी प्रौढांसाठी पुढच्या बूस्टरची सरसकट शिफारस केलेली नाही. लस घातक आहे म्हणून नव्हे, तर अशा व्यक्तीला त्यातून मिळणारा अधिकचा लाभ थोडा आहे म्हणून. मात्र घरात वृद्ध किंवा गंभीर आजारी व्यक्ती असेल, किंवा तुम्ही स्वतः रुग्णसेवेत असाल, तर हिशेब बदलतो. तसे असल्यास आपल्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: ताप जाऊन तीन आठवडे झाले, पण आरटी-पीसीआर अजून पॉझिटिव्ह येते. ती निगेटिव्ह येईपर्यंत लस घ्यायची नाही ना?

उत्तर: त्यासाठी थांबायचे कारण नाही आणि लशीपूर्वी पुन्हा चाचणी करण्याचीही गरज नाही, कारण ही चाचणी विषाणूचे निर्जीव अवशेषही पकडते आणि काही जणांत ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहते.

प्रश्न: बरे झाल्यावर नेमके किती थांबायचे? कोणी चार आठवडे सांगतो, कोणी तीन महिने, कोणी सहा महिने.

उत्तर: हे तिन्ही आकडे कोठून तरी आलेले आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे गोंधळ होतो. किमान अट अशी की तीव्र आजार पूर्ण ओसरलेला असावा आणि विलगीकरणाचा काळ संपलेला असावा. ब्रिटनमधील मार्गदर्शनात त्यासाठी साधारण चार आठवड्यांचे अंतर सांगितले गेले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तीन महिन्यांपर्यंत लस पुढे ढकलण्याचा विचार करता येईल, असे म्हटले. ही मुभा आहे, सक्ती नाही. त्यामागची कारणे दोन आहेत: संसर्गानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा संसर्ग होण्याचा संभव कमी असतो, आणि संसर्ग व लस यांत थोडे अंतर राहिले तर लशीला मिळणारा प्रतिसाद अधिक चांगला येतो. सहा महिने हा आकडा बहुधा आधीच्या डोसपासूनच्या अंतराचा असतो. 

दिवस मोजताना लक्षणे सुरू झाली त्या तारखेपासून मोजा. लक्षणे नसतील तर चाचणी पॉझिटिव्ह आली त्या तारखेपासून. ज्यांचा धोका मोठा आहे किंवा ज्यांच्या परिसरात साथ चढत्या क्रमाने आहे, त्यांनी तीन महिने पूर्ण करण्याच्या हट्टाला पेटू नये. कोणाला किती लवकर द्यायचे, हे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न: माझे वय 61, मधुमेह आहे. आठ महिन्यांपूर्वी कोविड झाला. एका प्रयोगशाळेच्या योजनेत दर तीन महिन्यांनी माझी अँटिबॉडी तपासली जाते. या वेळी आकडा 1,840 आला आणि अहवालावर "उत्तम प्रतिकारशक्ती" असे छापले आहे. मग बूस्टर टाळला तर चालेल ना?

उत्तर: चालणार नाही. या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण याच आकड्याच्या भरवशावर मधुमेही आणि हृदयरोगी माणसे लस पुढे ढकलताना मी पाहिली आहेत.

आपल्या अहवालातील 1,840 हा आकडा कशाचा आहे, हे आधी पाहा. विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनाला, म्हणजे स्पाइक प्रोटीनला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडींचे, रक्तातील प्रमाण त्यात मोजलेले असते. चिकटणारे प्रत्येक प्रतिपिंड विषाणूला निष्प्रभ करतेच असे नाही. शिवाय अनेक तपासणी-संचांत (किटमध्ये) मोजणीसाठी वापरलेले प्रथिन 2020 मधल्या मूळ विषाणूचे आहे, आणि सध्या फिरणाऱ्या ओमायक्रॉनच्या वंशजांच्या स्पाइकमध्ये त्यानंतर कितीतरी बदल झालेले आहेत. जुन्या कुलपाला बसणाऱ्या किल्ल्या मोजून नव्या कुलपाविषयी निष्कर्ष काढण्यासारखे हे आहे.

दुसरी अडचण एककाची. वेगवेगळ्या कंपन्यांचे संच वेगवेगळ्या एककांत आकडे देतात. डिसेंबर 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक प्रमाणित मापक उपलब्ध करून दिला, तरीही जुन्या एककांतले अहवाल फिरत राहिले; त्यामुळे तुमचे 1,840 आणि तुमच्या भावाचे 420 यांची तुलना करता येईलच असे नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की "या आकड्याच्या वर असाल तर सुरक्षित" अशी सर्वमान्य सीमारेषा या आजारासाठी ठरलेली नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे 2021 मध्येच सांगितले होते की लस घेतलेल्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती जोखण्यासाठी प्रतिपिंडांच्या चाचण्या वापरू नयेत. जी सीमारेषाच नाही तिच्या आधारावर कागदावर "उत्तम" हा शब्द छापणे आणि तीच तपासणी दर तीन महिन्यांनी पुन्हा विकणे, याला मी वैद्यकीय सेवा मानत नाही. गंभीर आजारापासून वाचवण्याचे पुष्कळसे काम विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी आणि संसर्ग झालेल्या पेशींवर चालून जाणाऱ्या टी-पेशी करतात आणि त्यांची मोजदाद या तपासणीत होतच नाही. म्हणून आकडा कमी आला तर घाबरायचे नाही आणि जास्त आला तर निर्धास्त व्हायचे नाही. तो निर्णयाच्या उपयोगाचाच नाही.

काही प्रयोगशाळा आता "तुम्हाला कोविड होऊन गेला का" हे सांगणारी न्यूक्लिओकॅप्सिड (विषाणूच्या आतले एक प्रथिन) प्रतिपिंडांची तपासणीही सोबत जोडतात. केवळ स्पाइकवर आधारलेली लस घेतलेल्या माणसात तिला काही अर्थ आहे. संपूर्ण निष्क्रिय विषाणूपासून बनवलेली लस घेतली असेल, तर त्या लशीमुळेही ही प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि अहवाल दिशाभूल करतो. हा भेद ग्राहकाला समजावून सांगितलेला मला क्वचितच आढळला आहे.

साठीपुढच्या एका गृहस्थांनी असाच मोठा आकडा दाखवून माझे म्हणणे वर्षभर टाळले होते. ते रुग्णालयात ऑक्सिजनवर होते तेव्हा त्यांच्या उशाशी असलेल्या फायलीत तो अहवाल जपून ठेवलेला होता. ते बरे होऊन घरी गेले, पण ते दहा दिवस बहुधा टाळता आले असते, असे मला आजही वाटते आणि त्यांना अधिक ठामपणे सांगायला हवे होते याची खंतही वाटते. आपले वय आणि मधुमेह हीच आपली खरी तपासणी आहे. संसर्गाला आठ महिने झाले आहेत. शेवटच्या डोसची तारीख पाहा आणि या आठवड्यातच आपल्या डॉक्टरांना भेटा. ती योजना बंद केली तरी आपले काही नुकसान होणार नाही. ते पैसे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर खर्च करा.

प्रश्न: प्रत्यक्ष आजारातून आलेली प्रतिकारशक्ती लशीपेक्षा श्रेष्ठ असते, असे वाचले. मग आजार झालेल्याला लस कशाला?

उत्तर: आजारातून मिळणारे संरक्षण खरे आहे, ते नाकारणारे डॉक्टरही चूक करतात. प्रश्न ते किती टिकते आणि काय देऊन मिळते, हा आहे. 2023 मध्ये लॅन्सेटच्या संसर्गजन्य आजारांच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ओमायक्रॉनच्या काळात, केवळ आधीच्या संसर्गामुळे रुग्णालयात भरती किंवा गंभीर आजारापासून मिळणारे संरक्षण बारा महिन्यांनी सुमारे 75 टक्के उरल्याचे त्यात दिसले; संसर्ग आणि लशीचे प्राथमिक डोस दोन्ही झालेल्यांत ते सुमारे 97 टक्के होते. पुन्हा संसर्ग होण्यापासूनचे संरक्षण मात्र दोन्ही गटांत खूप घसरले होते: बारा महिन्यांनी अनुक्रमे सुमारे 25 आणि 42 टक्के.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. बूस्टर घेतल्यावरही कोविड होऊ शकतो. "लस घेऊनही झालाच ना" ही तक्रार लशीच्या मूळ उद्देशाविषयीच्या गैरसमजातून येते. आणि ज्याने आजवर एकही डोस घेतलेला नाही, त्याने आजार होऊन गेला म्हणून लशीकडे पाठ फिरवू नये. हे आकडे पुष्कळ लोकांची सरासरी आहेत. आपल्यापुरता अर्थ आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

प्रश्न: आईचे वय 72. संधिवातासाठी तिला रिटुक्सिमॅब दिले जाते. कोविड होऊन वर्ष झाले. नव्या विषाणूवरची लस येईल तेव्हाच घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. योग्य आहे ना?

उत्तर: योग्य नाही, आणि वर्ष आधीच वाया गेले आहे. मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी लशीत ओमायक्रॉनच्या एक्सबीबी.1 वंशाचा घटक घेण्याची शिफारस केली, एप्रिल 2024 मध्ये जेएन.1 ची. विषाणू बदलत राहणार आणि लस त्याच्या मागोमाग बदलत राहणार. पुढच्या लशीची वाट पाहणाऱ्याला वाट पाहण्याचे कारण नेहमीच सापडेल. मान्यताप्राप्त आणि उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत अद्ययावत लस घ्यावी, एवढाच नियम ठेवा.

आपल्या आईच्या बाबतीत खरा प्रश्न वेगळाच आहे. रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वज असलेल्या बी-पेशी कमी करते, त्यामुळे त्या औषधानंतर लगेच दिलेल्या लशीला प्रतिपिंडांचा प्रतिसाद क्षीण येतो. शक्य असेल तेव्हा मागच्या मात्रेनंतर पुरेसा काळ जाऊ देऊन आणि पुढच्या मात्रेच्या दोन ते चार आठवडे आधी लस द्यावी, असे संधिवाततज्ज्ञ सांगतात. टी-पेशींचा प्रतिसाद अशा रुग्णांतही मिळतो, म्हणून "हिला लस लागूच पडणार नाही" असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका. पण औषध स्वतःहून थांबवणे किंवा पुढे ढकलणे धोक्याचे आहे. पुढच्या मात्रेची तारीख हातात घेऊन उद्याच संधिवाततज्ज्ञांना फोन करा.

प्रश्न: सहाव्या महिन्याची गर्भवती आहे; गर्भधारणेपूर्वी कोविड झाला होता. बूस्टर घेता येईल का?

उत्तर: घेता येतो, गरोदरपणात कोविड झाल्यास गंभीर आजार आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढतो, म्हणून पुढच्याच तपासणीला आपल्या प्रसूतितज्ज्ञांकडे हा विषय काढा.

प्रश्न: बूस्टर घेतला आणि तिसऱ्या दिवशी कोविड पॉझिटिव्ह आले. आता लशीचा त्रास दुप्पट होईल का?

उत्तर: नाही. संसर्ग लशीच्या आधीच झालेला असावा. त्या अवस्थेत लस दिली गेल्याने अपाय होत नाही. आजाराची नेहमीची काळजी घ्या आणि धाप लागली तर दवाखान्यात जा.

प्रश्न: मुलगा 19 वर्षांचा आहे. नुकताच कोविडमधून उठला. लशीने हृदयाला सूज येते असे संदेश येतात. घाबरून गेलो आहोत.

उत्तर: संदेशात जे आहे ते पूर्णपणे खोटे नाही, पण अर्धवट आहे. एमआरएनए प्रकारच्या लशीनंतर हृदयस्नायूला सूज येण्याचे प्रकार घडले आहेत. ते विरळ आहेत, मुख्यतः किशोरवयीन आणि तरुण पुरुषांत, बहुधा दुसऱ्या डोसनंतर आठवड्याभरात दिसले, आणि बहुतेक रुग्ण बरे झाले. कोविडच्या संसर्गानेही हृदयाला अशी सूज येते, हे त्या संदेशांत लिहिलेले नसते. आधीच्या डोसनंतर मुलाच्या छातीत दुखले होते का, धडधड झाली होती का, हे त्याला विचारा. उत्तर "हो" असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. "नाही" असेल आणि मुलगा निरोगी असेल, तर आत्ताच बूस्टर देण्याची निकडही नाही; त्याच्या आधीच्या डोसांची नोंद घेऊन डॉक्टरांशी शांतपणे बोला.

प्रश्न: बूस्टरऐवजी प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स केला तर?

उत्तर: कोणतीही गोळी किंवा चूर्ण लशीची जागा घेत नाही.

प्रश्न: कोविडनंतर पाच महिने थकवा आणि विसरभोळेपणा आहे. बूस्टरने तो वाढेल या भीतीने थांबलो आहे.

उत्तर: दीर्घकाळ रेंगाळणारी लक्षणे हे लस नाकारण्याचे कारण ठरत नाही. लस घेतल्यावर काहींना बरे वाटले, बऱ्याच जणांत फरक पडला नाही, काहींची लक्षणे काही काळ वाढली. म्हणून थकव्यावरचा उपाय म्हणून कोणी बूस्टर सुचवत असेल तर तेही स्वीकारू नका. मात्र पाच महिने टिकलेला थकवा केवळ कोविडचाच आहे, हे गृहीत धरू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि झोप यांची तपासणी झाली आहे का, हे आपल्या पत्रात नाही. ती आधी करून घ्या आणि त्याच भेटीत डॉक्टरांसोबत बूस्टरची तारीख ठरवा.

प्रश्न: रक्त पातळ करण्याची गोळी रोज घेतो. दंडात सुई घेता येईल का?

उत्तर: येते, गोळी बंद करू नका, लस देणाऱ्याला आधी सांगा, बारीक सुई वापरायला सांगा आणि नंतर काही मिनिटे ती जागा न चोळता घट्ट दाबून धरा.