मुलांच्या डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मोठा बारा वर्षांचा, चष्मा लावून बॅडमिंटन खेळतो, धाकटी सहाची. कात्र्या-सुऱ्या उचलून ठेवल्यात, आणखी काय करू? मी डॉक्टर नाही. पण नवव्या वर्षी उजव्या डोळ्याला मार बसला, तेव्हापासून हा विषय माझी पाठ सोडत नाही.

वर्गात रबरबँडने कागदाच्या घड्या मारायचा खेळ चालायचा. एक घडी माझ्या डोळ्यावर बसली. ओरडा बसेल म्हणून घरी ‘कचरा गेला’ असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर बुबुळाच्या तळाशी लाल रेघ साचलेली. मान कलती ठेवली की तीही हळूहळू सरकायची. मला चक्क गंमत वाटली! ते डोळ्याच्या आत उतरलेलं रक्त होतं, आणि आईच्या लक्षात यायला आणखी चार दिवस गेले. आज त्याच डोळ्यात रोज रात्री काचबिंदूचे थेंब घालतो.

म्हणून माझ्या घरात एक नियम आहे. डोळ्याला काही लागलं तर ओरडा कुणालाच नाही, ज्याच्या हातून लागलं त्यालाही नाही. आधी सांगायचं.

आता बॅडमिंटन. रोजच्या चष्म्याच्या भरवशावर राहू नका, तो फुटला तर तुकडेच डोळ्यात जातात. पॉलिकार्बोनेट (सहजी न फुटणारं प्लास्टिक) भिंगांचा, मागे पट्टा असलेला स्पोर्ट्स गॉगल घ्या. त्याच्या नंबरचा करून मिळतो. फुटबॉल मोठा असल्याने बराचसा मार भोवतीच्या हाडांवर जातो. शटल मात्र सरळ डोळ्याच्या खोबणीत शिरतं. स्क्वॉशचा बॉल तर जेमतेम ४० मिलिमीटरचा, खोबणीच्या तोंडाएवढाच. आणि डबल्समध्ये नेटजवळ उभं असताना मागच्या जोडीदाराकडे वळून बघायची खोड त्याला असेल तर ती आधी मोडा. बरेच फटके तेव्हाच डोळ्यावर बसतात.

धाकटीसाठी कात्रीइतकीच भीती कपडे धुण्याच्या साबणाच्या कॅप्सूल, ड्रेन क्लीनर आणि सॅनिटायझरची. सॅनिटायझरचा स्टँड आपल्या कमरेला येतो, म्हणजे नेमका तिच्या डोळ्यांसमोर. लेझर पॉइंटर खेळायला देऊच नका. दुखत नाही, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध डाग पडतो तो कायमचा राहू शकतो, आणि लेबलवरचा मिलिवॅटचा आकडा खरा असेलच असं नाही.

डोळ्यात काही रसायन उडालंच तर दवाखान्याकडे धावण्याआधी नळाखाली डोळा उघडा धरून निदान १५-२० मिनिटं धुवा, मूल कितीही रडलं तरी. ड्रेन क्लीनर, सिमेंट यांतली क्षारी (अल्कली) रसायनं आम्लांपेक्षा खोल शिरतात. काही टोचलं असेल तर मात्र उलट. पाणी नाही, चोळणं नाही, रुतलेलं ओढून काढणं नाही. कागदी कपाचा तळ डोळ्यावर न दाबता चिकटवा आणि निघा.

एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. बुक्की किंवा कोपर बसल्यावर कधी कधी डोळा लाल न होता पांढराशुभ्र दिसतो, पण मुलाला वर बघता येत नाही आणि ओकाऱ्या होतात. खोबणीच्या तळाचं पातळ हाड तडकून त्यात डोळ्याचा स्नायू अडकलेला असू शकतो. डोक्याचा मार समजून सगळे डोक्याकडेच बघत बसतात. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

एका डोळ्याची नजर कमी झाली तर मुलं सांगत नाहीत. दुसरा डोळा निभावून नेतो, त्यांना स्वतःलाच कळत नाही. सहाव्या वर्षी तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायलाच शिकतो. मी महिन्यातून एकदा माझ्या दोघा मुलांना एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला लावतो. धाकटा बोटांच्या फटीतून चोरून बघतो, म्हणून त्याचा डोळा मीच झाकतो.